नाव एव्हर्टनचे, घर वॉल्टनचे

२०२५च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता मुलाकडे लिव्हरपूलला गेलो, तेव्हा सामानात चकलीची भाजणी, मेतकूट आणि नातवासाठी विणलेला स्वेटर यांच्याबरोबर एक छापील पत्रकही होते. ते आपल्याच संस्थेचे. शहरातील जुनी वास्तू विकून बाहेरच्या नव्या वस्तीत संस्थेने जागा घ्यावी किंवा कसे, याविषयी सभासदांची मते मागविणारे. उत्तराची मुदत ऑक्टोबरअखेरची होती. आम्हां उभयतांपैकी एकाचे मत ‘जावे’ असे होते आणि दुसऱ्याचे ‘मुळीच जाऊ नये’ असे. कोणाचे कोणते, हे स्नेहीमंडळी ओळखतीलच. उत्तर मात्र दोघांचे मिळून एकच द्यावयाचे, असे आम्ही ठरविले होते. कारण चाळीस वर्षे त्या सभागृहात आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आलो आहोत. विमानात बसेपर्यंत ते उत्तर काही ठरले नाही.

मुलाचे घर लिव्हरपूलच्या वॉल्टन या भागात आहे. लाल विटांची, एकमेकींना खेटून उभी असलेली, थेट पदपथावर दारे उघडणारी घरे. पहिल्याच संध्याकाळी फिरावयास निघालो आणि गल्लीच्या टोकाशी घरांच्या छपरांवर उठलेली एक प्रचंड निळी वास्तू समोर आली. मांडवीच्या एखाद्या गल्लीतून वळताच अकस्मात जुन्या वाड्याची उंच भिंत अंगावर यावी, तशी. तिच्या एका कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या दोन सज्जांच्या बेचक्यात, सेंट ल्यूक्स नावाचे चर्च बसले होते. एव्हर्टन या फुटबॉल क्लबचे हे मैदान, गुडिसन पार्क. १८९२पासून क्लब येथे खेळत होता आणि अवघ्या महिन्याभरात येथून हलणार होता.

आम्ही बडोदेकर मोतीबागेवर क्रिकेट पाहात वाढलो; फुटबॉलचे आमचे ज्ञान यथातथाच. तरीही त्या पाच-साडेपाच महिन्यांत आम्ही या स्थलांतरात गुंतत गेलो, याचे श्रेय शेजारच्या आजोबांना. वय ऐंशीच्या पुढे, सारी हयात गोदीत गेलेली, गळ्यात उन्हाळ्यातही निळा मफलर. आमचा मुलगा तेथील रीतीप्रमाणे त्यांना एकेरी नावाने हाक मारी. आमच्या तोंडून ते येईना. शेवटी नातवाच्या नात्याने आम्हीही त्यांना आजोबाच म्हणू लागलो. बुधवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत चार-पाच समवयस्क जमत आणि चहाच्या पेल्यांवर एकच विषय चाले. मुलाला सुटी असली म्हणजे तो दुभाष्या होऊन आम्हांला घेऊन जाई. निर्णय होऊन गेला होता, नवे स्टेडियम बांधून तयार होते, तरी चर्चा थांबलेली नव्हती. वाटण्या होऊन गेल्यावरही जुन्या घराविषयी भावंडे बोलत राहतात, तसेच हे.

पहिल्याच बैठकीत आम्हांला एक गोष्ट कळली आणि ती आमच्या मनात घर करून राहिली. एव्हर्टन हे त्या शहरातील एका टेकडीवरच्या वस्तीचे नाव. तेथील सेंट डोमिंगो या चॅपलच्या मुलांनी १८७८मध्ये हा संघ काढला आणि पुढच्याच वर्षी वस्तीचे नाव धारण केले. क्लबच्या मुद्रेवर त्या टेकडीवरचा १७८७मधला जुना बुरूज आहे. पण गुडिसन पार्क एव्हर्टनमध्ये नाही, ते वॉल्टनमध्ये. म्हणजे एकशेतेहतीस वर्षे क्लबचे नाव एका गावचे आणि घर दुसऱ्या गावचे! हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. आजोबांनी कारण विचारले. आमच्या आडनावात सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे, त्या गावी आमच्या घराण्यातील कोणी सहा पिढ्यांत राहिलेले नाही आणि पत्ता मात्र बडोद्याचा, हे मुलाने त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “मग तुम्ही एव्हर्टनवालेच की!” त्या दिवसापासून बुधवारच्या बैठकीत आमच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या जाऊ लागल्या.

गुडिसनच्या आधी क्लबचे घर कोठे होते, हे ऐकून तर आम्ही थक्क झालो. १८८४ ते १८९२ या काळात एव्हर्टन खेळत असे ते अ‍ॅनफील्डवर, म्हणजे आज लिव्हरपूल या हाडवैरी क्लबचे जे घर आहे तेथे. जागेचा कारभार जॉन हूल्डिंग या मद्यनिर्मात्याच्या हाती होता. भाडे आणि जागेची मालकी यांवरून त्याचे सभासदांशी बिनसले. जॉर्ज मेहन यांच्या पुढाकाराने बहुसंख्य सभासद उठले, स्टॅनली पार्कच्या पलीकडे एक ओबडधोबड जागा त्यांनी सारखी करून घेतली आणि २४ ऑगस्ट १८९२ या दिवशी नव्या मैदानाचे उद्‌घाटन केले. रिकाम्या मैदानाचे करायचे काय, म्हणून हूल्डिंगने दुसरा संघ उभा केला, तोच लिव्हरपूल. ज्या गुडिसनला सोडताना ही माणसे हळवी होत होती, ते स्वतः अशाच एका घर सोडण्यातून जन्मले होते. उभयतांपैकी ‘जावे’ या पक्षाने ही गोष्ट लगेच खिशात घातली.

पण दुसऱ्या पक्षालाही तेथे आधार मिळत गेला. बैठकीतील एका गृहस्थांची जागा गेली कित्येक वर्षे एका लोखंडी खांबामागे होती. सज्जे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, आर्चिबाल्ड लीच या नामांकित स्थापत्यविशारदाच्या आराखड्याचे. छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या मधोमध. ते म्हणत, “या खांबाने माझ्यापासून किती गोल लपविले, याचा हिशोब नाही. पण माझ्या वडिलांपासूनही तो तसेच लपवीत असे.” दुसऱ्या एका बाईंच्या वडिलांच्या अस्थींची रक्षा त्या मैदानाच्या कडेला पुरलेली होती. अशा आठशेहून अधिक चाहत्यांची रक्षा तेथे आहे. जागाच उरली नाही म्हणून क्लबला २००४मध्ये ही प्रथा थांबवावी लागली. बाई एरवी बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “तिकिटाचे सगळे जमेल. वडिलांना इथे सोडून मी तिकडे कशी जायची, तेवढे मला कुणी सांगा.” कोणीच काही सांगितले नाही. आपल्याकडे रक्षा वाहत्या पाण्यात सोडतात, ती का, याचा विचार आम्ही त्या रात्री बराच वेळ करीत होतो.

एका गृहस्थांचा तरुण पुतण्या कधीमधी येई. त्याच्याजवळ आकडे असत. गुडिसनमध्ये सुमारे ३९ हजार माणसे बसतात, नव्यात सुमारे ५३ हजार बसतील. पार्कच्या पलीकडच्या वैऱ्याने आपले घर ६१ हजारांपर्यंत वाढविले आहे. सभोवार घरे असल्याने गुडिसन वाढविता येत नाही. त्याचे सगळे खरे होते. आजोबा त्याला उत्तर देत नसत, चहा देत.

आम्ही समजत होतो, की ‘राहावे’ म्हणणारे म्हातारे आणि ‘जावे’ म्हणणारे तरुण, एवढाच हा वाद. तसे नव्हते. या क्लबने यापूर्वीही दोनदा घर सोडण्याचा गंभीर प्रयत्न केला होता. या शतकाच्या आरंभी शहराच्या मध्याजवळ, मर्सी नदीकाठी किंग्ज डॉकवर स्टेडियम बांधण्याची योजना झाली. तेव्हा बहुतेकांच्या तोंडाला पाणी सुटले होते. पण क्लबला आपल्या वाट्याचा पैसा उभा करता आला नाही आणि २००३मध्ये ती योजना बारगळली. मग टेस्को कंपनीच्या भागीदारीत किर्बी येथे जाण्याचे घाटले. २००७मध्ये चाहत्यांचे मतदान घेतले गेले. १५,२३० जणांनी होकार दिला, १०,४६८ जणांनी नकार. बहुमत होकाराचे होते, तरी विरोध शमला नाही. कारण किर्बी लिव्हरपूल शहराच्या हद्दीबाहेर, नोझ्ली या वेगळ्या नगरपालिकेत होते. ‘क्लब आपल्याच शहरात राहू द्या’ अशी मोहीमच चालली. अखेर नोव्हेंबर २००९मध्ये सरकारने परवानगी नाकारली.

आजोबांनी त्या वेळी विरोधी मत दिले होते, हे ते अभिमानाने सांगत. पण एका बुधवारी त्यांची धाकटी बहीण आली होती. ती किर्बीची. महायुद्धानंतर लिव्हरपूलमधील दाटीवाटीच्या, मोडकळीस आलेल्या वस्त्या पाडून तेथील हजारो कुटुंबांना किर्बीच्या नव्या घरांत नेऊन बसविण्यात आले. लग्नानंतर ही त्यांतल्याच एका घरात गेली. आजोबा हद्दीची गोष्ट सांगू लागताच ती खुर्चीत ताठ झाली. म्हणाली, “त्या वर्षी मी दोन महिने याच्याशी बोलत नव्हते. आम्ही आपल्या पायांनी गेलो नव्हतो. शहरानेच आम्हांला तिकडे नेऊन ठेवले. नवरा दर शनिवारी निळा मफलर घालून इथवर येत असे. मग क्लब आमच्याकडे यायचा म्हटल्यावर तो शहराबाहेर गेला, असे का? आम्ही शहरातले नव्हतो का?”

मुलाने हे भाषांतर करून सांगितले आणि खोलीत शांतता पसरली. आम्हांलाही पुढे चहा घेववेना. नकाशावरच्या रेघेपलीकडे राहणाऱ्या माणसाला आपला म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न आपल्या घराण्यांना कोणी नव्याने सांगावयास नको. संमेलनाला गेलो, की “तुम्ही अजून इतके चांगले मराठी बोलता?” असे कौतुकाने विचारणारा कोणी भेटतोच, आणि त्या कौतुकातली बोच आपण हसून गिळतो. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, ज्याने ती गिळली नाही असा सभासद विरळा. त्या बाईंचा प्रश्न म्हणूनच आम्हांला आमचा वाटला. पण घरी परतताना उभयतांपैकी ‘मुळीच जाऊ नये’ या पक्षाच्या लक्षात एक दुसरी गोष्ट आली, ती अधिक अवघड होती. आपल्या संस्थेचे निम्म्याहून अधिक सभासद आज शहराबाहेरच्या वस्त्यांत राहतात. मुलांच्या नोकऱ्या आणि जुन्या घरांच्या वाटण्या यांनी त्यांना तिकडे नेले. ते कार्यक्रमांना येत नाहीत, अशी तक्रार आपण वार्षिक सभेत दरवर्षी करतो. त्यांच्याकडे जावे, असे म्हणणाऱ्याला मात्र आपण संस्था गावाबाहेर काढणारा ठरवितो. किर्बीच्या त्या बहिणीच्या जागी आपल्याकडे कोण बसले आहे, हे त्या रात्री आम्हांला दिसले.

नवे स्टेडियम ब्रॅम्ली-मूर गोदीवर बांधले आहे. गुडिसनपासून जेमतेम तीन किलोमीटर आणि शहराच्या हद्दीतच. ही गोदी १८४८ची, जेसी हार्टली या अभियंत्याने बांधलेली. तिच्यात समुद्रतळाची वाळू भरून, जुन्या भिंती जागच्या जागी राखून वर स्टेडियम उभे केले. त्या रांगेतल्या गोद्यांत आजोबांची उमेद गेली होती. एका रविवारी ते आम्हांला तेथे घेऊन गेले. पाण्याच्या दाबावर गोदीची यंत्रे चालविणारा जुना मनोरा त्यांनी हाताने दाखविला आणि म्हणाले, “मी काम करीत होतो तेव्हा इथे यायला पैसे मिळत; आता द्यावे लागणार.” मात्र या स्थलांतराची किंमत शहरानेही मोजली आहे. लिव्हरपूलचा सागरी व्यापाराचा परिसर २००४पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत होता. जुलै २०२१मध्ये त्याचे नाव यादीतून काढले गेले. किनाऱ्यावरील नव्या बांधकामांनी वारशाची हानी झाली, असे कारण देण्यात आले आणि त्यांत या स्टेडियमचाही समावेश होता. एक वारसा जपण्यासाठी दुसऱ्याला धक्का लागावा, हे तेथील मंडळींनाही सहज पचलेले नव्हते.

१८ मे २०२५ रोजी गुडिसनवर पुरुष संघाचा अखेरचा सामना झाला, साउदॅम्प्टनविरुद्ध. आजोबा आत होते. तिकीट नसलेल्या हजारोंबरोबर आम्ही नातवाला घेऊन बाहेर गल्लीत उभे होतो. आधी भिंतीआडून गर्जना येई आणि मग काही क्षणांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवर गोल दिसे. पहिल्या अर्ध्यात इलिमान एन्डियाये या सेनेगलच्या खेळाडूने दोन गोल केले; सामना २–० असा जिंकला. सामना संपूनही माणसे जाईनात. कोणी भिंतीला हात लावून उभे होते, कोणी लहान मुलाला खांद्यावर घेऊन दारावरचे नाव वाचून दाखवीत होते. रक्षेच्या गोष्टीतल्या बाई आम्हांला चर्चपाशी भेटल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, “गर्दी टाळायला वडील नेहमी पाच मिनिटे आधी उठत आणि मला ओढत नेत. आज प्रथमच मी त्यांच्या आधी निघाले.” आजोबा परतले ते बऱ्याच उशिरा. सामन्यापूर्वी प्रेक्षकांत गोळ्या उधळण्याची एव्हर्टनची जुनी प्रथा आहे. त्यांतली एक त्यांनी नातवासाठी आणली होती. त्याने ती खाल्ली नाही. अजून त्याच्या कंपासपेटीत आहे.

गुडिसन पाडून त्या जागी दुसरे काही उभारणार, अशीच वर्षानुवर्षे योजना होती. पण अखेरच्या सामन्याच्या काही दिवस आधी क्लबने जाहीर केले, की मैदान पाडावयाचे नाही. ते एव्हर्टनच्या महिला संघाचे घर होईल. बुधवारच्या बैठकीत त्या दिवशी चहाऐवजी दुसरे पेय निघाले. त्याच वेळी आम्हांला तेथला एक जुना अन्याय कळला. २६ डिसेंबर १९२० रोजी याच गुडिसनवर डिक, कर लेडीज आणि सेंट हेलन्स या महिला संघांचा सामना पाहावयास सुमारे ५३ हजार लोक आले होते आणि कित्येकांना जागेअभावी परतावे लागले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१मध्ये, हा खेळ स्त्रियांना योग्य नव्हे, असे म्हणून फुटबॉल संघटनेने त्यांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी केली. ती पन्नास वर्षांनी उठली. ज्या अंगणातून मुलींना हाकलले, ते घरच शतकानंतर मुलींच्या वाट्याला आले. आमच्या बडोद्याला कोटंबीच्या नव्या मैदानावर डिसेंबर २०२४मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय सामने स्त्रियांनी खेळले, ते तेव्हा आठवले. तेथे नव्या घरात मुली आधी गेल्या. येथे जुने घर त्यांनी राखले.

२४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या स्टेडियममधील पहिला लीग सामना झाला, ब्रायटनविरुद्ध. गुडिसनच्या उद्‌घाटनाचा दिवसही तोच होता, बरोबर एकशेतेहतीस वर्षांपूर्वीचा. पहिला गोल पुन्हा त्याच एन्डियायेने केला आणि सामनाही पुन्हा २–० असाच जिंकला. जुन्या घरातला शेवटचा दिवा ज्याने लावला, त्यानेच नव्यातला पहिला लावला. पुढच्या बुधवारी खांबवाले गृहस्थ काहीसे गोंधळलेले होते. “सगळे दिसले,” ते म्हणाले. “इतके दिसायची सवय नाही.” आजोबांनी मात्र सामन्याविषयी फार सांगितले नाही. ते सांगत होते बहिणीची गोष्ट. किर्बीची गाडी थेट सँडहिल्स स्थानकावर येते आणि तेथून नवे स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गुडिसनची ती चढउताराची वाट गुडघ्यांमुळे तिने केव्हाच सोडली होती. या वेळी ती नवऱ्याचा मफलर घालून एकटी गाडीतून आली आणि भावाच्या शेजारी बसून सामना पाहून गेली. “शहराबाहेरची माणसे वेळेवर येतात,” एवढेच ती भावाला म्हणाली म्हणे.

सप्टेंबरअखेर आम्ही बडोद्यास परतलो. पत्रक सामानात तसेच होते. जेट-लॅगमुळे झोप नव्हती. पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात बसून आम्ही ते भरले. ‘जावे’ असे लिहिले, आणि त्यापुढे ‘पण जुनी वास्तू विकू नये’ असेही. त्या वास्तूत मुलांचे मराठी वर्ग आणि महिलांचे मंडळ यांनी आपला संसार मांडावा. नव्या सभागृहातील प्रत्येक कार्यक्रमाला जुन्या वस्तीतील वृद्ध सभासदांसाठी वाहन असावे. आणि निर्णयापूर्वी, जे सभासद गेली काही वर्षे आलेले नाहीत त्यांना घरी जाऊन विचारावे, असे तीन मुद्दे जोडले. खजिनदार विचारतील, की जुने न विकता नव्याचा पैसा कोठून आणावयाचा. प्रश्न रास्त आहे. पैसा उभा न राहिल्याने किंग्ज डॉकचे स्वप्न कसे विरले, हे आम्ही ऐकून आलो आहोत. म्हणून पत्रकासोबत आमच्या ऐपतीप्रमाणे एक धनादेशही जोडला आहे. तो पुरेसा नाही, हे आम्हांलाही कळते. जागेचा प्रश्न शेवटी आपण कोणाकोणाला मोजतो याचा असतो, एवढेच त्या पाच महिन्यांत आम्ही शिकलो. आणि मोजावयाचे तर आरंभ स्वतःपासून केलेला बरा.

उत्तर एक झाले. आमच्या त्या दोन खुर्च्या कोणत्या वास्तूत ठेवाव्यात, याविषयी मात्र आम्हां उभयतांत अद्याप एकमत झालेले नाही.